अँजिओप्लास्टीनंतर बाबांच्या जांघेत धडधडणारी गाठ आलीय. पुन्हा चिरफाड करावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. कॅथेटर (बारीक नळी) घातलेलं रोहिणीचं (धमनीचं) भोक नीट बुजलं नाही की रक्त बाहेर झिरपून शेजारी पिशवी तयार होते. हाताला ठोके लागतात ते तिचेच. आधी डॉपलर सोनोग्राफी करा. २ सेंटिमीटरहून लहान असेल तर बरेचदा आपोआप गोठते, फक्त लक्ष ठेवतात. मोठी असेल तर सोनोग्राफीत बघत बारीक सुईने पिशवीत थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं औषध) सोडतात. काही सेकंदांत रक्त गोठतं. टाके नाहीत, भूल नाही. रोहिणी जांघेच्या वरच्या भागात फाटली असेल तर रोहिणीच्या आत आवरण असलेला स्टेंट बसवतात. गाठ फुटली, पिकली किंवा वरची कातडी काळी पडली तर मात्र ऑपरेशनच.

आमचे गुहागरचे काका चौथ्या दिवशी पोफळीच्या बागेत शिपणं करायला गेले (ऐकतील तर काका कसले!) आणि सुपारीएवढी गाठ घेऊन आले. थ्रॉम्बिनवर भागलं.

गाठ झपाट्याने वाढली किंवा रक्त आलं तर तळहाताने घट्ट दाबून धरा नि १०८ला फोन करा. पाय गार पडला तरी लगेच १०८ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट बंद पडू शकतो. आणि गाठ चोळू तर अजिबात नका.