ताशी कामगारांसाठी सॉफ्टवेअर: डेमो पाहून ठरवू नका, तुमचा सगळ्यात विस्कटलेला आठवडा चालवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८० च्या आसपास माणसं, तीन ठिकाणी काम, दिवसपाळी आणि रात्रपाळी, पगार तासावर. हजेरी अजून मस्टरवर, तिथून एक्सेलमध्ये, आणि दर पगाराला वादावादी. तीन एचआर सॉफ्टवेअरचे डेमो पाहिलेत, तिन्ही सारखीच वाटली, आता कोणतं घ्यावं?

सारखी वाटणारच, कारण डेमोमधला माणूस रोज नऊला येतो आणि सहाला जातो. त्याचा हिशोब कुठलंही सॉफ्टवेअर बरोबर करतं, तुमचं एक्सेलही करतं. वाद होतात ते पंच (येण्या-जाण्याच्या वेळेची नोंद) करायला विसरलेल्यावरून, मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीवरून, बदली माणूस आला नाही म्हणून चार तास जास्त थांबलेल्यावरून. त्यामुळे मी एकाच कसोटीवर निवड करते: पंच केल्यापासून पगारचिठ्ठी हातात पडेपर्यंत आपल्या प्रत्येक मिनिटाचं काय झालं, हे कामगाराला स्वतःला पाहता येतं का? भरती, मूल्यांकन, प्रशिक्षण वगैरे भाग पुढेमागे जोडता येतात. तासांचा हिशोब पायात कच्चा असेल तर वरून काही जोडून उपयोग होत नाही.

आधी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यामुळे यादीतली निम्मी नावं गळू शकतात. बरीच एचआर सॉफ्टवेअर मासिक पगारदारांसाठी घडलेली असतात. त्यांच्या हिशोबात महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि खाडे, बिनपगारी रजा त्यातून वजा होतात. ताशी कामगाराचा पगार उलट शून्यापासून चढत जातो. अशा सॉफ्टवेअरवर नंतर 'ताशी' पर्याय चिकटवलेला असेल तर तो पाळीच्या कडांवर फसतो. विक्रेत्याला विचारा: एकाच माणसाने एका आठवड्यात दोन कामं दोन दरांनी केली तर नोंद कशी होते? प्रत्येक पंचाबरोबर काम आणि दर नोंदला जात असेल तर ठीक. "महिनाअखेरीला हाताने समायोजन करा" असं उत्तर आलं तर पुढचं सॉफ्टवेअर बघा.

आता मध्यरात्रीचा मुद्दा. तुमच्याकडे रात्रपाळी आहे म्हणून इथे जरा थांबते.

समजा आठवडा रविवारी मध्यरात्री संपतो. एका माणसाचे त्या आठवड्यात ३९ तास आधीच भरले आहेत. तो रविवारी रात्री १० ला येतो, २ ते २:३० बिनपगारी विश्रांती घेतो आणि सोमवारी सकाळी ६:३० ला जातो. कामाचे ८ तास झाले: २ मध्यरात्रीपूर्वी, ६ नंतर. आठवड्याला ४० तासांनंतर ओव्हरटाइम असेल आणि सॉफ्टवेअर पाळी मध्यरात्रीला तोडत असेल, तर जुन्या आठवड्याचे ४१ तास होतात, ओव्हरटाइम १ तास. पूर्ण पाळी सुरुवातीच्या दिवसावर टाकत असेल तर ४७ तास, ओव्हरटाइम ७ तास. पाळी संपली त्या दिवसावर टाकत असेल तर ३९, ओव्हरटाइम काहीच नाही. पंच तेच दोन, पण पगार तीन वेगवेगळे.

यातलं बरोबर कोणतं हे तुमच्याकडचा कायदा ठरवतो, सॉफ्टवेअर नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टखाली कामाचा आठवडा म्हणजे सलग १६८ तासांचा ठरलेला पट्टा. तास ज्या पट्ट्यात पडले तिथे मोजायचे आणि ४० च्या वर दीडपट द्यायचे. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मात्र कलम ५७ मध्ये मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायला सांगितलं होतं, आणि ओव्हरटाइम दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर, तोही दुप्पट. कॅलिफोर्नियात तर दिवसाच्या ८ तासांनंतर दीडपट आणि १२ नंतर दुप्पट लागतो. एकच ठोकताळा सगळीकडे चालत नाही, म्हणून 'दिवस कुठे तुटतो' आणि 'आठवडा कुठे सुरू होतो' या दोन गोष्टी सेटिंगमध्ये बदलता येतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शिवाय प्रत्येक नियमाला 'या तारखेपासून लागू' अशी तारीख टाकता आली पाहिजे. कायदा किंवा दर महिन्याच्या मधेच बदलतो, आणि तारीख नसेल तर नवा नियम मागच्या सगळ्या पगारांवर जाऊन बसतो. जिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात, तिथे १० ते ६ ची रात्रपाळी एकदा ७ तासांची आणि एकदा ९ तासांची होते. तुमचं एखादं ठिकाण अशा भागात असेल तर तीही रात्र चालवून बघा.

पुढचा मुद्दा राउंडिंगचा. मला याची मनापासून चीड आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत पंचाची वेळ जवळच्या ५ मिनिटांना, तासाच्या दहाव्या भागाला किंवा पाव तासाला आणण्याची मुभा आहे. अट अशी की लांब पल्ल्यात कामगाराचं नुकसान होता कामा नये. पाव तासाच्या राउंडिंगमध्ये ७ मिनिटं गळतात आणि ८ मिनिटांचे १५ होतात. आता जो माणूस रोज ७ मिनिटं आधी येऊन मशीन तयार करतो आणि ७ मिनिटं उशिरा जागा आवरून निघतो, त्याची रोज १४ मिनिटं जातात. सहा दिवसांत ८४, म्हणजे जवळजवळ दीड तास. उशिरा येणाऱ्याचा पगार कापला जातो पण लवकर येणाऱ्याची मिनिटं धरत नाहीत, अशी एकतर्फी सेटिंगही काही सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येते. ती सरळ बंद करा. राउंडिंग हे कागदी कार्डांवरून हाताने बेरीज करायच्या काळातलं सोयीचं साधन होतं, संगणकाला मिनिटं मोजायला काही कष्ट पडत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिलेल्या एका प्रकरणात पंच-आउट केल्यानंतर दुकान बंद करण्यात रोजची ४ ते १० मिनिटं जात होती. १७ महिन्यांत त्याचे १२ तास ५० मिनिटं झाले होते, आणि हा वेळ क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं.

राउंडिंगचाच भाऊ म्हणजे आपोआप कापली जाणारी विश्रांती. ६ तासांच्या वर पाळी गेली की सॉफ्टवेअर ३० मिनिटं वजा करतं, माणूस जेवला की नाही हे कुणी विचारत नाही. ज्या दिवशी माणसं कमी असतात त्या दिवशी तो हमखास जेवलेला नसतो. कापायचंच असेल तर पंच-आउट करताना "विश्रांती मिळाली का?" हा प्रश्न पडद्यावर आला पाहिजे आणि 'नाही' म्हटलं की कपात थांबली पाहिजे.

तरीही माझ्या मते खरी परीक्षा दुरुस्तीची असते. पंच राहून जाणारच. मंगळवारी कोणी पंच-आउट विसरला, सुपरवायझरने गुरुवारी बसून सगळ्या रिकाम्या जागी ६:०० टाकलं. तो माणूस प्रत्यक्षात ६:४० पर्यंत ट्रक उतरवत होता. पगाराच्या दिवशी त्याला फक्त एकूण तासांचा आकडा दिसतो, आणि ती ४० मिनिटं कुठे गेली हे तो शोधू शकत नाही. डेमो देणाऱ्याला तुमच्यासमोर हेच करायला लावा. मूळ नोंद (इथे रिकामी जागा) तशीच राहते की पुसली जाते? कोणी बदललं, कधी, कारण काय, हे दिसतं का? कामगाराला बदल कळतो का आणि त्याला "हे मान्य नाही" म्हणता येतं का? सुपरवायझर स्वतःचेच पंच स्वतः दुरुस्त करू शकतो का? अ‍ॅडमिनलाही मूळ पंच पुसता येत असेल तर ते सॉफ्टवेअर मी घेणार नाही, बाकी कितीही देखणं असो.

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी स्पेनमधल्या एका खटल्यात म्हटलं की रोजचा कामाचा वेळ मोजणारी व्यवस्था वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज उपलब्ध असली पाहिजे. तुम्ही युरोपात असा-नसा, हे तीन शब्द कसोटी म्हणून वापरण्यासारखे आहेत. पहिल्या दोघांबद्दल विक्रेते भरपूर बोलतात. तिसऱ्याबद्दल तुम्हालाच विचारावं लागेल.

पंच कशाने करायचा? अंगठ्याच्या मशीनचा मोह सगळ्यांना होतो, कारण एकाने दुसऱ्याची हजेरी लावणं थांबतं. पण सिमेंट, रसायनं, पाणी यांत काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन त्यांनाच रोज नाकारतं. दाराशी रांग लागते आणि रांगेतली मिनिटंही त्यांच्याच नावावर उशीर म्हणून पडतात. कायद्याची बाजूही हलकी नाही: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८ पासून बोटांचे ठसे किंवा चेहऱ्याची मोजमापं घेण्याआधी लेखी संमती लागते, आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रीडाकेंद्रं चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला हजेरीसाठी चेहरा आणि बोटांचे ठसे वापरणं बंद करायला लावलं. कार्ड किंवा पिन, आणि सोबत मशीनचा कॅमेरा पंच करतानाचा साधा फोटो काढतो, एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं. मोबाइलवरून पंच ठेवणार असाल तर नेटवर्क नसताना काय होतं ते बघा. पंच फोनमध्ये साठून नंतर चढला पाहिजे, आणि फोनचं घड्याळ मागे केलं तर ते पकडलं गेलं पाहिजे. सगळ्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन असेल हे गृहीत धरू नका. तिन्ही ठिकाणी दाराशी एकेक टॅबलेट लावणं सोपं पडतं. लोकेशन फक्त पंचाच्या क्षणी घेतलं जावं, दिवसभर नको. आणि अ‍ॅप कामगारांच्या भाषेत हवं, निदान पगारचिठ्ठीचा भाग तरी.

पाळ्यांचं वेळापत्रक लावण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते बहुतेकांना बऱ्यापैकी जमतं. दोनच गोष्टी बघा. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती नसेल तर सॉफ्टवेअरने सूचना द्यावी (युरोपियन युनियनच्या २००३ च्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती सांगितली आहे). आणि वेळापत्रक जाहीर झाल्यावर केलेला प्रत्येक बदल तारखेसह राहावा. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये मोठ्या दुकान-साखळ्यांना दोन आठवडे आधी वेळापत्रक देणं बंधनकारक केलं, नंतर इतर शहरांनीही तसे नियम केले.

पेरोलशी (पगार काढायच्या सॉफ्टवेअरशी) जोडणी आहे का, याला विक्रेते नेहमी "हो" म्हणतात. त्या 'हो'चा अर्थ फाइल उतरवून दुसरीकडे चढवणं असाही असतो. तुम्ही विचारा: महिन्याच्या पगाराचा हिशोब बंद झाल्यावर एक पंच दुरुस्त केला तर फरक पुढच्या पगारात आपोआप जातो की कोणीतरी वहीत लिहून ठेवायचा? याच फटीत कामगारांचे पैसे हरवतात.

किमतीत माणशी दरमहा दर बघून तुलना करू नका. ताशी कामात माणसं येतात-जातात. सोडून गेलेला माणूस यादीत राहिला तर त्याचे पैसे लागतात का, हंगामी वाढलेली संख्या पुढे वर्षभर धरली जाते का, किमान संख्येची अट आहे का, हे लेखी घ्या. सोडताना सगळे मूळ पंच आणि दुरुस्त्यांचा इतिहास कुठल्या स्वरूपात मिळेल, तेही करारात हवं. पगाराच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या हे कायदा सांगतो, आणि ती मुदत तुमच्या वर्गणीबरोबर संपत नाही.

आणि दर आठवड्याला पंचांची एक प्रत स्वतःकडे उतरवून ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये क्रोनोस या मोठ्या हजेरी-प्रणालीच्या क्लाउडवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि ती कित्येक आठवडे बंद राहिली. अनेक ठिकाणी आधीच्या पगारावरून अंदाजे पैसे द्यावे लागले आणि त्यावरून खटले उभे राहिले.

आता निवड. तुमच्या जुन्या मस्टरमधून सगळ्यात विस्कटलेला आठवडा काढा: रात्रपाळी, चुकलेले पंच, मधेच बदललेलं ठिकाण, सुट्टीच्या दिवशीचं काम, सगळं असलेला. त्यातली दहाएक माणसं घ्या, नावं झाका, आणि त्यांचा पगार आधी कागदावर, नियमाला बोट लावून काढा. मग तेच पंच तिन्ही विक्रेत्यांना द्या आणि तुमच्या समोर चालवायला सांगा. उत्तर कोणाचं जुळतं हे बघाच, पण जुळलं नाही तर का जुळलं नाही हे पडद्यावर दाखवता येतं का, याकडे जास्त लक्ष द्या. त्या बैठकीला एक सुपरवायझर आणि रात्रपाळीतला एक कामगार बसवा. मालक आणि अकाउंटंट विचारत नाहीत ते प्रश्न ही दोघं विचारतात. निवडल्यावर निदान दोन पगार मस्टर आणि सॉफ्टवेअर बरोबरीने चालवा, आणि तेही एकाच ठिकाणी. उरलेली दोन ठिकाणं नंतर.

तुमचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, आणि ओव्हरटाइम रोजच्या तासांवर मोजता की आठवड्याच्या, हे इथे लिहिलंत तर चाचणीत कोणत्या पाळ्या घालायच्या त्याची यादी मी करून देते.