तिसऱ्या सेटमधले गोळे आणि सहा डबे

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, वजन ६२ किलो. टेनिसच्या स्पर्धा खेळतो. पहिला सेट झकास, दुसरा बरा आणि तिसऱ्यात पोटऱ्यांत गोळे येऊन तो खालीच बसतो. त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या एका मोठ्या खेळाडूने यादी दिली आहे : प्रोटीन पावडर, बीसीएए, क्रिएटिन, मॅग्नेशियम, मल्टिव्हिटॅमिन आणि एक प्री-वर्कआउट. हे सगळं सुरू करावं का? – एक आई

उत्तर : ताई, डबे आणायच्या आधी वजनकाटा बाहेर काढा.

सामन्याला उतरण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत त्याचं वजन करा. खेळून आला की घाम पुसून पुन्हा करा. मधे किती प्यायला तेही मोजा. समजा ६२ चा ६०.८ झाला आणि मधे एक लिटर प्यायला होता, तर दोन तासांत २.२ लिटर घाम गेला, तासाला १.१. उन्हात काही टेनिसपटूंचा घाम तासाला दोन लिटरच्या वर जातो, तेव्हा आकडा बघून घाबरू नका. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे ६२ किलोला साधारण सव्वा किलो. आपल्या उदाहरणातला मुलगा अगदी काठावर आहे.

मग त्याची टोपी बघा. वाळल्यावर कडेने मिठाचे पांढरे पट्टे उमटतात का? माझ्या टोपीवर तर नकाशेच उमटायचे. मी खेळत होते तेव्हा एका उपांत्य सामन्यात शहाणपणाने नुसतं पाणी पीत राहिले, चार लिटर तरी असेल. तिसऱ्या सेटमध्ये सर्व्हिससाठी टाचा उचलल्या आणि दोन्ही पोटऱ्यांचे दगड झाले. पाण्याला तोटा नव्हता, मीठ घामावाटे गेलं होतं.

म्हणून त्याच्या बाटलीत लिटरला ६० ग्रॅम साखर आणि पाव छोटा चमचा मीठ घाला. चव आवडेल तशी करा. बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात, त्यात दीडदोनशे मिली सहज जातं. तासाभरात ७०० मिली प्यायला तर ४० ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते. लांबलेल्या सामन्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतेच. हे पेय आधी सरावात पाजून बघा, थेट स्पर्धेत नको. काहींचं पोट गच्च होतं.

एक मात्र खरं, सगळे गोळे मिठाने जात नाहीत. थकलेला स्नायू आखडतो, आणि सरावात दीड तास खेळणाऱ्याने सामन्यात अडीच तास पळायचं म्हटलं तर तो आखडणारच. प्रशिक्षकांना विचारा, आठवड्यातून एकदा तरी तो पूर्ण तीन सेट खेळतो का?

आता तुमचे डबे. बीसीएए, म्हणजे प्रोटीनमधलीच तीन अमायनो आम्लं, सोडून द्या. पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला ती अमायनो आम्लं त्यातूनच मिळतात. त्याला दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम प्रोटीन लागतं. आठवडाभर खाल्लेलं लिहून काढा आणि कमी पडलं तरच पावडरीचा विचार करा. मॅग्नेशियमने खेळाडूंचे गोळे थांबतात याला भक्कम पुरावा नाही. मल्टिव्हिटॅमिनऐवजी रक्त तपासून घ्या, ड जीवनसत्त्व किंवा लोह कमी निघालं तर डॉक्टर नेमकं तेवढंच देतील. क्रिएटिन हे यादीतलं खरं काम करणारं सप्लिमेंट. प्रौढांत रोज ३ ते ५ ग्रॅमने छोट्या, जोरकस धावा सुधारतात. पण त्याने स्नायूंत पाणी धरून किलोभर वजन वाढू शकतं, आणि ते प्रत्येक ड्रॉप शॉटमागे पळताना त्यालाच वाहायचं. अठरा होईपर्यंत थांबा.

प्री-वर्कआउटला, म्हणजे खेळण्याआधी तरतरीसाठी घ्यायच्या पावडरीला, मात्र माझं साफ नाही. कॅफीन २००४ पासून खेळातल्या बंदीच्या यादीत नाही, हे खरं. पण या डब्यांत ते एका मापाला दोन-तीनशे मिलिग्रॅमही असतं. सोळा वर्षांच्या पोराची झोप उडेल, सर्व्हिस टाकताना हात थरथरेल. शिवाय ‘खास मिश्रण’ असं लिहून आतले आकडे झाकलेले असतात, आणि मेथिलहेक्सानामीनसारखं बंदी असलेलं उत्तेजक अशाच डब्यांत सापडलेलं आहे.

उत्तेजक चाचणीत काही निघालं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात, डबा कोणी सुचवला हे बघत नाहीत. पोलंडची टेनिसपटू इगा श्वियाँतेक हिने २०२४ मध्ये झोपेसाठी मेलाटोनिन घेतलं, त्यात ट्रायमेटाझिडिन हे खेळात बंदी असलेलं हृदयाचं औषध मिसळलेलं निघालं. भेसळ सिद्ध करूनही महिन्याची बंदी आलीच. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिची चार वर्षांची शिक्षा क्रीडा लवादाने २०२४ मध्ये नऊ महिन्यांवर आणली, भेसळयुक्त सप्लिमेंटचं म्हणणंही मान्य केलं, पण तोवर ती जवळपास दीड वर्ष कोर्टाबाहेर बसली होती. दोघींच्या मागे वकील आणि प्रयोगशाळा होत्या.

तरीही कधी काही घ्यायचंच झालं तर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखी, बॅचवार तपासणीची खूण असलेलंच घ्या. बॅच क्रमांकाचा फोटो काढा, डबा संपला तरी टाकू नका.

तीन सामन्यांचे वजनाचे आकडे लिहून पाठवा. टोपीचा फोटोही चालेल, धुण्याआधीचा.