औषधांची एकच पिशवी करू नका : कोकणच्या सहलीला निघालेल्या सतरा जणांसाठी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरहून सतरा माणसे दोन गाड्यांनी दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे अशी पाच दिवसांची सहल करणार आहेत, त्यांत चार ज्येष्ठ आणि दोन लहान मुले आहेत, असे आपण लिहिले आहे. सामान सुटसुटीत व्हावे म्हणून सर्वांची औषधे एका बॅगेत, टॉवेल-चादरी दुसरीत आणि खाऊ तिसरीत भरावा का, हा आपला मुख्य प्रश्न आहे. तो वाचताच मला आमची 2018 च्या मे महिन्यातील सहल आठवली आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. हा विचार कृपा करून सोडून द्या, विशेषतः औषधांच्या बाबतीत. टोपी, गॉगल, दात घासण्याचे साहित्य वगैरे काय घ्यावे हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

माझे माहेर गुहागर तालुक्यातील आणि सासर सोलापूरचे आहे. त्यामुळे कोकणात जायचे ठरले तेव्हा चौदा माणसांच्या सामानाची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. गाड्या आणि मुक्काम आमच्या शहरातील एका सहल कार्यालयामार्फत ठरवले होते. त्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही. त्यांनी एक छापील यादी दिली होती आणि तीत "सामायिक सामान" असा रकाना होता, ज्यात औषधे, खाऊ आणि अंथरूण यांच्या स्वतंत्र पिशव्या करून त्या लहान गाडीत ठेवाव्यात असे स्पष्ट लिहिले होते. मी ती यादी प्रमाण मानली. मामंजींचे इन्सुलिन, काकूसासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नणंदेच्या मुलाचा दम्याचा पंप, हे सारे मी एका निळ्या पिशवीत नीट लावले, वर चिठ्ठी चिकटवली आणि ती पिशवी जीपच्या मागच्या बाजूला ठेवली. ज्येष्ठ मंडळी मोठ्या गाडीत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हर्णैला होतो. तरुण मंडळींना बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहायचा होता आणि ज्येष्ठांना ऊन सोसत नव्हते, म्हणून मोठी गाडी पुढे निघाली. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली की दहा-पंधरा मिनिटांत वाशिष्ठीच्या मुखापलीकडे धोपाव्याला उतरता येते, त्यामुळे आम्ही दिवस मावळण्याच्या आत वेळणेश्वरच्या अलीकडच्या गावात मुक्कामी पोहोचलो. जीप मात्र आसूदच्या चढावर क्लच जाऊन उभी राहिली. तिला ओढत दापोलीला नेले आणि दुरुस्ती सकाळशिवाय होणार नाही असे कळले. नकाशावर ही दोन ठिकाणे शेजारी शेजारी दिसतात, परंतु मध्ये खाडी आहे, आणि फेरीबोट सोडून यायचे म्हटले तर खेड-चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. कोकणातील सामानाचा विचार करताना ही एक गोष्ट घाटावरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. येथे दोन गावांमधले अंतर खाडी ठरवते.

मामंजींना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागे. ताटे वाढली गेली आणि त्यांनी पिशवी मागितली, तेव्हा ती आपल्या गाडीत नाही हे मला उमगले. गावात औषधाचे दुकान नव्हते. घरमालकांनी लगेच स्वतःची रिक्षा काढून आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तेथील डॉक्टरांनी साखर तपासली, ती साडेतीनशेच्या पुढे होती. त्यांनी विचारले, "कोणते इन्सुलिन घेता?" मामंजी म्हणाले, "सकाळी चोवीस, रात्री सोळा." डॉक्टरांनी पुन्हा विचारले, "आजोबा, आकडे समजले, पण इन्सुलिनचे नाव काय?" मामंजींनी माझ्याकडे पाहिले आणि मला फक्त इन्सुलिन टोचायच्या पेनाचे टोपण निळे आहे एवढेच सांगता आले. इन्सुलिन अनेक प्रकारचे असते, काही तत्काळ काम करणारे, काही दीर्घकाळ, काही मिश्र, आणि प्रकार कळल्याशिवाय युनिटचा आकडा कोणाच्याही उपयोगाचा नसतो, हे मी त्या बाकावर बसून शिकले. डॉक्टरांनी त्यांच्याजवळ होते त्या औषधावर, दोन तास समोर बसवून ठेवून, ती रात्र निभावून नेली.

सहल कार्यालयाला मी त्या रात्री चार वेळा फोन केला. दापोलीतून एखादी गाडी ठरवून ती पिशवी फेरीबोटीने पलीकडे पाठवावी, एवढीच विनंती होती. एकदा फोन उचलला गेला आणि कार्यालय सकाळी दहाला उघडते असे उत्तर मिळाले. परतल्यावर तक्रार केली, तेव्हा औषधांची जबाबदारी प्रवाशाची असते असे अटींमध्ये छापलेले आहे हे बोट ठेवून दाखवण्यात आले. औषधे दुसऱ्या गाडीत ठेवा असे सांगणारी यादीही त्यांचीच होती, आणि त्या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केले नाही. ज्यांनी कधी आजारी माणसाला घेऊन प्रवास केलेला नाही अशांनी केलेल्या याद्या निमूटपणे पाळू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सगळी कार्यालये अशीच असतात असे मी म्हणत नाही, परंतु आपल्याला अशी यादी मिळाली असेल तर ती बाजूला ठेवा.

गोष्ट येथेच संपली नाही. आम्ही रात्री जीपबरोबर दापोलीत थांबलेल्या पुतण्याला फोनवर सांगितले, की पिशवीत इन्सुलिन आहे, ते थंड ठेव. त्याने काळजीने ते लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवले, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात. सकाळी अकराला जीप आली, मी पडवीत बसून पिशवी उघडली, तेव्हा पेनांच्या टोपणांवर पांढरे दव होते आणि आतल्या काचेच्या नळीत बर्फाची पातळ सुई दिसत होती. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नसते. तीन पेन टाकून द्यावी लागली आणि मग चिपळूणहून नवीन आणण्यात तो दिवस गेला. त्या मुलाला दोष देता येत नाही, कारण थंड म्हणजे किती थंड हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबाबत अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचाच समजावा. आमच्याकडे प्रत्येक ज्येष्ठाच्या गळ्यात किंवा कमरेला एक लहान कापडी कसा, म्हणजे थैली, असतो आणि त्यात दोन दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि आधार कार्डाची प्रत असते. हा कसा गाडीतून उतरताना, देवळात जाताना, फेरीबोटीवर वारा खायला गाडीबाहेर पडताना, नेहमी अंगावर राहतो. उरलेली औषधे दोन समान भागांत करून दोन्ही गाड्यांत एकेक भाग ठेवतो. चिठ्ठीचे छायाचित्र किमान चार जणांच्या मोबाईलमध्ये असते, पण केवळ त्यावर विसंबू नये, कारण किनाऱ्यालगतच्या अनेक वाड्यांमध्ये नेटवर्क मिळत नाही आणि ज्याच्या मोबाईलमध्ये छायाचित्र आहे तो नेमका पलीकडच्या तीरावर असू शकतो. महत्त्वाचे फोन क्रमांकही कागदावर लिहून दोन्ही चालकांकडे द्यावेत.

आपल्या चार ज्येष्ठांपैकी कोणी इन्सुलिन घेत असेल तर एवढे ध्यानात ठेवा. न उघडलेले पेन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, म्हणजे फ्रीजच्या खालच्या भागात. वापरात असलेले पेन बहुतेक वेळा साधारण चार आठवडे 25 ते 30 अंशांच्या आत चालते, नेमके किती ते त्याच्या पत्रकात पाहावे. बर्फाचा डबा नेणार असाल तर पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये पंच्याची जाड घडी घाला. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तर ते क्षणभरही सोडू नका. आपल्याकडे मराठवाड्यात किंवा सोलापूरला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेली वस्तू चांगली गार राहते, तो उपाय किनाऱ्यावर तितका चालत नाही, कारण हवेतच इतकी वाफ असते की फडक्यातील पाणी उडून गारवा यायला वावच राहत नाही.

याच दमट हवेमुळे आपली दुसरी बॅगही मला मान्य नाही. सोलापूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि रत्नागिरीला तेहेतीस-चौतीस अंशांच्या आसपास, म्हणून कोकण सुसह्य असेल असे वाटते. प्रत्यक्षात घाम वाळत नाही आणि कपडेही वाळत नाहीत. जाड टर्किश टॉवेल पहिल्या दिवशी ओला झाला की तो पाचव्या दिवशी ओलाच घरी येतो, शिवाय बॅगेतील बाकीच्या कपड्यांना कुबट वास लावतो. प्रत्येकाने आपापल्या बॅगेत दोन पंचे घ्यावेत, ते पिळून पंख्याखाली टाकले की काही तासांत वाळतात. जीन्स एकही नेऊ नका. समुद्रात भिजण्याचे कपडे वेगळे ठेवा, कारण खारे पाणी लागलेले कपडे गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय पुरते वाळतच नाहीत. दहा मीटर नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंनी आमच्या पुढच्या सगळ्या सहली सुखाच्या केल्या आहेत. मांड्या घासून लाल होण्याचा त्रास स्थूल माणसांना आणि लहान मुलांना हमखास होतो, त्यासाठी पावडर आणि खोबरेल तेल जवळ असू द्या.

खाऊबद्दल थोडक्यात सांगते. चिवडा, चकली, कडक भाकरी, सगळे तिथे एका रात्रीत सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या लहान लहान डब्यांत न्या आणि एका वेळी एकच डबा उघडा. मोठे डबे भरून नेण्याची गरजही नाही, घरगुती जेवण सर्वत्र मिळते. शेंगदाण्याची चटणी मात्र अवश्य न्या, कारण मासे न खाणाऱ्या ज्येष्ठांना तिसऱ्या दिवशी तिचीच आठवण येते. जलसंजीवनीची पाकिटे दोन्ही गाड्यांत असावीत. कुंभार्ली घाटात मुलांना उलट्या होतात, त्यासाठी कागदी पिशव्या, पाणी आणि फडके हाताशी ठेवा, डिकीत ठेवलेल्या वस्तू घाटात मिळत नाहीत.

एक वस्तू लोक हमखास विसरतात, ती म्हणजे विजेरी. मोबाईलचा उजेड पुरतो असे म्हणू नका. उन्हाळ्यात वळवाचा वारा सुटला की वीज जाते आणि न्हाणीघर किंवा शौचालय बऱ्याच घरगुती मुक्कामांत मागच्या अंगणात असते. कोकणातील कातळावर आणि जांभ्याच्या गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, फुरसे (एक विषारी साप) आढळते. ते आखूड, मातकट रंगाचे असते आणि बहुधा रात्री बाहेर पडते, त्यामुळे अंधारात पाय पडेपर्यंत दिसत नाही. तांबडा विंचूही या पट्ट्यात आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडते हे दाखवून दिले, तेव्हापासून असंख्य माणसे वाचली आहेत. आपल्याला घाबरवण्याचा हेतू नाही, माझे सारे बालपण त्याच अंगणात गेले आहे. दर दोन माणसांमागे एक विजेरी, रात्री पायात बंद चप्पल आणि सकाळी बूट घालण्याआधी झटकून पाहण्याची सवय, एवढे पुरते. दंश झालाच तर गावठी उपायांत वेळ न दवडता माणसाला हलू न देता आरोग्य केंद्रात न्यावे आणि 108 ला फोन करावा. फुरशाच्या विषावर चालणारी लस नाग, मण्यार आणि घोणस यांच्यासाठीही तीच असते, म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्याच्या नादी लागू नये.

पादत्राणांचे विचारले आहे म्हणून सांगते, की अंगठ्याच्या साध्या चपला खडकांवरच्या शेवाळावर निसटतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल सर्वांत बरे, आणि ज्येष्ठांनी ते सहलीच्या आधी आठवडाभर घरी वापरून पाहावेत.

रोख रकमेबाबतही तोच नियम लावा, एकाच खजिनदाराच्या खिशात सगळी रक्कम नको, दोन्ही गाड्यांत डिझेल आणि एका वेळच्या मुक्कामापुरते पैसे असावेत. आपल्या नियोजनानुसार दोन वेळा खाडी ओलांडावी लागेल, एकदा दाभोळ-धोपावे आणि पुढे गणपतीपुळ्याला जाताना तवसाळ-जयगड. सुट्ट्यांमध्ये दोन्हीकडे गाड्यांची रांग लागते आणि आपल्या दोन गाड्या वेगवेगळ्या फेऱ्यांत जाण्याचीच शक्यता अधिक असते. आम्ही आता रांगेत उभे असतानाच प्रत्येक ज्येष्ठाचा कसा उघडून पाहतो. या वर्षी मामंजींनी आपला कसा स्वतःच उघडून दाखवला आणि इन्सुलिनचे पूर्ण नाव न अडखळता सांगितले.