अळ्यांचं खत आहे, मग गव्हाला युरिया बंद करू का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही उमरेड तालुक्यातले. पुतण्यानं शेडमध्ये ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या पाळल्या आहेत, नागपूरच्या कॉटन मार्केटमधला सडका भाजीपाला अन् एका हॉटेलातलं उरलंसुरलं अन्न आणतो, अळ्या कोंबड्यांना घालतो. खाली जो काळपट चुरा राहतो तो पाचेक पोती जमलाय. सोयाबीन निघालं की दोन एकरात गहू पेरायचा आहे. पुतण्या म्हणतो यंदा युरिया आणूच नका, पण मी थोडा चुरा कुंडीतल्या सांभाराला (कोथिंबिरीला) टाकला तर रोपं करपली. काय करू?

उत्तर : काका, बरं झालं आधी कुंडीत टाकून पाहिलं. हा चुरा म्हणजे फ्रास, अळ्यांची विष्ठा, कात आणि न खाल्लेलं अन्न. खत चांगलंच आहे पण ताजं असताना त्यात अमोनिया असतो, मूठभर नाकाशी धरा, डोळ्यांत झोंबलं तर ते अजून कच्चं आहे आणि सांभार बहुतेक त्यानंच करपला. ओलसर ढीग करून सावलीत महिना-दीड महिना मुरू द्या, अधूनमधून पलटा. मग एक वाटी चुरा दहा वाट्या पाण्यात भिजवून गाळा, त्या पाण्यात गव्हाचे वीस दाणे आणि साध्या पाण्यात वीस दाणे ठेवा, दोन्हीकडे सारखे कोंब आले तरच शेतात न्या.

आता युरियाचं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी साधारण १२० किलो नत्र लागतं, म्हणजे एकराला ४८. फ्रासमध्ये नत्र ३ टक्के धरलं (खाद्याप्रमाणे कमीजास्त होतं) तर सगळं नत्र त्यातूनच द्यायला एकरी १६ क्विंटल लागेल, आणि तुमच्याकडे पोतं ४० किलोचं धरलं तरी जेमतेम २ क्विंटल आहे! म्हणून यंदा फक्त अर्ध्या एकरात टाका, पेरणीआधी मातीत मिसळून. त्यात ६ किलो नत्र येतं, म्हणजे कागदावर १३ किलो युरिया, पण ते सगळं याच हंगामात पिकाला मिळत नाही कारण जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात. तेव्हा त्या अर्ध्या एकरात पेरणीच्या वेळचा युरिया ७-८ किलोच कमी करा. आणि पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पहिल्या पाण्यासोबत जो युरिया देता त्याला अजिबात हात लावू नका, तेव्हा मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळं) आणि फुटवे फुटतात, गव्हाला नत्र तिथल्या तिथं पाहिजे असतं आणि फ्रास तेवढ्या घाईनं देत नाही. पुतण्याची तळमळ मला कळते पण इथं त्याचं ऐकू नका.

मला जास्त काळजी हॉटेलच्या अन्नाची वाटते. त्यातलं मीठ फ्रासमध्ये उतरतं आणि आपल्या काळ्या जमिनीतून ते लवकर निघत नाही, म्हणून टाकायच्या आधी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नमुना देऊन नत्र आणि क्षारता दोन्ही मोजून घ्या, क्षारता जास्त निघाली तर हॉटेलचं बंद करून नुसत्या भाजीपाल्यावर अळ्या वाढवा.

आणि एक, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अळ्या मंदावतात, खातही कमी. त्यामुळं पुढच्या वर्षीच्या गव्हासाठी फ्रास पावसाळ्यापासूनच साठवायला लागा, फक्त पोती कोरड्या जागी फळीवर ठेवा.