बोक्याला खरूज, वर सर्दी, आणि खाणं बंद

प्रश्न : डॉक्टर, गल्लीतला एक बोका आमच्या जिन्यात येऊन बसतोय. कानांच्या कडांवर आणि कपाळावर जाड राखाडी खपल्या, खाजवून खाजवून रक्त काढतो, आणि कालपासून नाकातून पिवळा शेंबूड, डोळे चिकटलेले, बांगडा ठेवला तरी तोंड लावत नाही. शेजारच्या काकू म्हणतात करंजेल तेल लाव, मिस्टर म्हणतात कुत्र्याचं गोचिडाचं औषध आहे तेच टाकूया. घरात आमची मनी आहे, मुलगी आठ वर्षांची. काय करू?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, आधी ते कुत्र्याचं औषध बाजूला ठेवा. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात आणि मांजर दगावतं. करंजेल, रॉकेल, फिनेल यातलंही काही नको, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. आणि सर्दी आहे म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

खरूज दिसायला भयंकर असली तरी आत्ता जास्त घाई नाकाची आहे. मांजर वासावर जेवतं, नाक चोंदलं की समोर मासा असून खात नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढायला लागते. म्हणून कोमट सलाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसा, गरम पाण्याची वाफ भरलेल्या बाथरूममध्ये थोडा वेळ ठेवा, मग बिनमिठाचा उकडलेला मासा कोमट करून द्या. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर यातलं काही करत बसू नका, तसाच उचलून दवाखान्यात न्या.

ही सर्दी बहुतेक वेळा व्हायरसने सुरू होते, आणि खरजेने, उपासमारीने खंगलेल्या अंगात मग बॅक्टेरिया घुसतात, शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो त्यामुळे. यावर डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सीसायक्लिन देतात. ती गोळी कोरडी गिळवू नका, लगेच सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. बरा दिसला म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही.

आता खरूज. वर्णनावरून नोटोएड्रिस किड्याची वाटते, पण गजकर्णही असंच दिसू शकतं म्हणून खपलीखालची कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब मला सगळ्यात बरे वाटतात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही चालतं, पण ते वजन करून डॉक्टरांनीच द्यायचं, मेडिकलमधून आणून घरी नाही. अंड्यापासून पुन्हा किडा तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात त्यामुळे एका डोसवर भागत नाही. खाज लगेच थांबावी म्हणून स्टिरॉइड मागू नका, इन्फेक्शन अजून वाढेल. खपल्या ओढून काढू नका, आपोआप मऊ होऊन पडतील, आणि सर्दी आहे तोवर आंघोळ नाही.

बोका वेगळ्या खोलीत, त्याची भांडी वेगळी, अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. मनीचं लसीकरण झालंय का बघा, आणि दोघं एकमेकांजवळ आले असतील तर तिलाही थेंब टाकून घ्या. मुलीच्या हातावर-पोटावर लाल खाजरे पुरळ उठू शकतात, हा किडा माणसावर फार टिकत नाही, बोका बरा झाला की तेही जातं, पण त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तर घरात खरजेचं मांजर आहे हे नक्की सांगा.