पिचर व्हायला अमेरिकेत येऊ का, असं विचारणाऱ्या मुलाला

तुझं पत्र दोनदा वाचलं. जळगाव जिल्ह्यातला, वीस वर्षांचा, डावखुरा. शाळेपासून भालाफेक, गेली दोन वर्षं बेसबॉल, आणि रडारवर तुझा सगळ्यात वेगवान चेंडू ताशी 132 किलोमीटर. एक माणूस बारा लाख रुपये घेऊन अमेरिकेत चाचणी आणि करार मिळवून देतो म्हणतोय, टुरिस्ट व्हिसावर यायला सांगतोय, आणि त्यासाठी वडील एक एकर विकायला तयार झालेत.

वडिलांना आजच सांग, शेत विकू नका. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला, कुठलाही क्लब खेळाडूकडून पैसे घेत नाही. ज्याला घ्यायचं त्याला क्लबच बोनस देतो आणि पी-1 या खेळाडूंच्या व्हिसाचा अर्जही क्लबच करतो. खरा एजंट करार झाल्यावर त्यातून टक्केवारी घेतो. टुरिस्ट व्हिसावर येऊन पगारी खेळणं बेकायदा आहे. पकडला गेलास तर पुढे विद्यार्थी म्हणून यायचा रस्ताही अवघड होऊन बसतो.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. भारतातून पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, म्हणून इथे येता येतं का? आलेले आहेत. 2008 साली भारतात वेगवान फेक करणारे शोधायची एक स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही तुझ्यासारखे भालाफेकपटू, तोवर बेसबॉल हातात न धरलेले. लॉस एंजेलिसमध्ये टॉम हाऊस या पिचिंग प्रशिक्षकांकडे काही महिने शिकले आणि त्याच नोव्हेंबरात मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने दोघांशी करार केला. 2009 च्या जुलैत रिंकू अमेरिकेतला व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर झाला.

मी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला राहतो, कानव्हा नदीकाठच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात माझी नोकरी. 2012 मध्ये रिंकू इथल्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघाकडून खेळायचा. आम्ही चार-पाच भारतीय कुटुंबं मुलांना घेऊन त्याला बघायला जायचो. तो बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात त्या जागेतून, धावत यायचा तेव्हा माझी बायको उभी राहून टाळ्या वाजवायची. त्या उन्हाळ्यात आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, हा वर जाणार.

पण हिशेब नीट बघ. दिनेशला 2010 च्या अखेरीस क्लबने सोडलं. रिंकू चार वर्षांत पोचला तो सिंगल-ए पर्यंत, म्हणजे मायनर लीगच्या (मेजर लीगच्या क्लबांशी जोडलेल्या खालच्या संघांच्या स्पर्धांच्या) एका खालच्या पायरीपर्यंत. त्याच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. 2013 मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पिचिंग जवळजवळ तिथेच थांबलं. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीकडे गेला. भारतात वाढलेला एकही खेळाडू अजून मेजर लीगमध्ये खेळलेला नाही. कुमार रॉकर 2024 मध्ये मेजर लीगच्या टेक्सास रेंजर्सकडून उतरला, त्याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले, पण तो इथेच जन्मला आणि इथल्याच शाळा-कॉलेजात पिचर झाला.

तू लिहिलंस, भाल्यामुळे खांदा तयार आहे. अर्धं खरं आहे. भाला तू धावत येऊन टाकतोस, एका स्पर्धेत सहा वेळा. पिचर जागेवरून, दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहून टाकतो, आणि सुरुवातीला उतरणारा असेल तर एका सामन्यात ऐंशी-नव्वद वेळा. भाला पट्ट्याच्या आत कुठेही पडला तरी चालतो. इथे 60 फूट 6 इंचांवर 17 इंच रुंदीची प्लेट असते, चेंडू तिच्यावरून जावा लागतो, आणि फलंदाज वाईट चेंडूला हात लावत नाही. वेग दिसतो म्हणून आपण वेगाच्या मागे लागतो. नवख्या पिचरला घरी पाठवतं ते बहुतेक वेळा चेंडूवर नसलेलं नियंत्रण.

तुझा वेग मैलात 82 होतो. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल 94 च्या आसपास आहे. डावखुऱ्याला थोडी सूट मिळते, कारण तसे पिचर कमी आणि प्रत्येक संघाला हवे असतात. तरी क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटने वही उघडावी यासाठी तुला नव्वदी गाठावीच लागेल. शिवाय वय. ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत, अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोत राहणाऱ्यांसाठी. बाकी जगातल्या मुलांशी क्लब सोळाव्या वर्षापासून करार करू शकतात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली मुलं त्या वयाला सही करतात. विसाव्या वर्षी दार बंद होत नाही, पण तुझ्या शेजारी उभा असलेला मुलगा दहा वर्षं हेच करत आलेला असतो.

इथल्या जगण्याबद्दल तू एका ओळीत विचारलं आहेस. त्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे. चार्ल्स्टनच्या आधी आम्ही दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या गावात होतो. तिथे मायनर लीगच्या पोरांना घरी ठेवून घ्यायची पद्धत होती. दोन उन्हाळे आमच्याकडे एक डॉमिनिकन पिचर राहिला. एकोणीस वर्षांचा. पगार महिन्याला हजार-अकराशे डॉलर, तोही फक्त हंगामात, आणि त्यातला निम्मा तो आईला पाठवायचा. रात्री सामना संपला की बसमध्ये बसायचं, सात-आठ तासांनी पहाटे दुसऱ्या गावात उतरायचं, संध्याकाळी पुन्हा मैदान. माझ्या बायकोच्या हातचं वरण-भात तो बीन्ससारखं मानून जेवायचा. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये त्याचं कोपर दुखायला लागलं. त्याने ते तीन आठवडे लपवलं. मग एके दिवशी मॅनेजरने खोलीत बोलावलं, पाच मिनिटं बोलले, आणि दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट हातात दिलं. व्हिसा कराराला बांधलेला, त्यामुळे राहून दुसरं काही करायची सोयच नव्हती. दहावीच्या पुढे शिक्षण नाही. त्याची बॅग मी गाडीत ठेवली ते मला अजून आठवतं. म्हणूनच तुला इतकं सविस्तर लिहितोय.

आता परिस्थिती त्याहून बरी आहे, तेही सांगतो. 2022 पासून राहायची सोय क्लब करतात. 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेने पहिला करार केला आणि वर्षाचा किमान पगार सिंगल-ए मध्ये 26,200 डॉलर, ट्रिपल-ए मध्ये 35,800 डॉलर झाला. एकट्याचं भागतं, घरी पाठवायला फार उरत नाही. मेजर लीगचा किमान पगार 2025 मध्ये 7,60,000 डॉलर होता. ही दरी बघूनच मुलं दुखणं लपवतात. जागाही कमी झाल्यात. 2021 मध्ये क्लबांशी जोडलेले संघ 120 वर आणले, त्यात आमच्या चार्ल्स्टनच्या संघाची जोडणीही गेली.

कोपराबद्दल वेगळं लिहितो. वेगाने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर प्रचंड ताण येतो. ते तुटलं की मनगटाकडचा किंवा मांडीचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तो 1989 पर्यंत खेळला आणि नंतरच्या काळात 164 सामने जिंकला. आज ती सर्रास होते, पण परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मोठ्या करारातल्या खेळाडूसाठी क्लब थांबतो. खालच्या पातळीवरच्या, उशिरा सुरुवात केलेल्या मुलासाठी थांबेलच असं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यायचं तर विद्यार्थी म्हणून ये. इथली दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं बेसबॉल फार गंभीरपणे खेळतात, त्यांतली काही शिष्यवृत्तीही देतात. इथल्या कॉलेजात दाखल झालास की तू ड्राफ्टच्या यादीत येतोस, म्हणजे स्काउट तुला रोज बघू शकतात. खांदा गेला तरी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा आणि शिक्षण चालू राहतं. पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय कागदावर दाखवावी लागेल आणि काम कॉलेजच्या आवारात, आठवड्याला वीस तासच करता येईल. बारावीनंतर किती वर्षं गेली यावर खेळायची पात्रता ठरते, तेव्हा अर्ज करण्याआधी प्रत्येक कॉलेजला हे लेखी विचार.

तोवर भाला सोडू नकोस. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तुझी राज्य पातळीची प्रमाणपत्रं नीट सांभाळून ठेव. दिल्लीत मेजर लीगचं कार्यालय आहे, तिथे स्वतः लिही, मध्ये कुणी नको. दुबईच्या बेसबॉल युनायटेड या स्पर्धेत मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे, त्यांच्या निवडीवरही लक्ष ठेव.

आणि मला व्हिडिओ पाठव. बाजूने आणि कॅचरच्या, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याच्या, मागून, सलग वीस चेंडू, एकही न कापता, रडारचा आकडा दिसेल असा. चांगले निवडून जोडलेले नकोत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कॉलेज कोच आहेत, ते बघून खरं काय ते सांगतील. वडिलांशी मी बोलतो. रविवारी तुमच्याकडच्या सकाळी आठला मला वेळ असतो, तेव्हा त्यांना फोनजवळ बसव.