भांगेच्या तेलाची चिठ्ठी कोण देतं?

'विजया तेल', 'सीबीडी तेल', 'भांगेचं औषध' अशा नावांनी बरीच पत्रं आली आहेत आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये विषय चिंतेचाच आहे. त्यातली पाच निवडली. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि आयुर्वेद वैद्य यांनी मिळून दिली आहेत. जिथे त्यांचं एकमेकांशी जमलं नाही तिथे ते तसंच ठेवलं आहे.

प्रश्न : मी 36 वर्षांची, इंदूरच्या सुदामा नगरात राहते. दोन वर्षांपासून चिंतेचा त्रास आहे. सकाळी एस्सिटॅलोप्रॅम 10 आणि रात्री क्लोनाझेपाम 0.25 चालू आहे. भाचीने मोबाइलवर विजया तेल दाखवलं, म्हणाली कायदेशीर आहे, चिठ्ठीवर मिळतं. माझ्या डॉक्टरांना विचारलं तर "मी ते लिहून देत नाही" एवढंच बोलले. मग ही चिठ्ठी देतं कोण?

ताई, तुमचे डॉक्टर टाळत नव्हते. चिंताविकारासाठी गांजा-भांगेपासून बनलेलं एकही ॲलोपॅथीचं औषध भारतात मंजूर नाही, त्यामुळे एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर लिहून देणार काय? इंग्लंडमध्ये 1 नोव्हेंबर 2018 पासून तज्ज्ञ डॉक्टरला अशी औषधं लिहिता येतात, ऑस्ट्रेलियातही येतात. मोबाइलवरची बरीचशी माहिती तिकडची असते आणि इकडच्या माणसाला गोंधळात टाकते.

आपल्याकडे वाट आहे ती आयुर्वेदाची. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांवरच्या) कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि 'चरस' म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. त्यांचा कारभार राज्याचं आबकारी खातं पाहतं. पान म्हणजे भांग, आणि आयुर्वेदात तिचंच नाव विजया. जातीफलादि चूर्ण, त्रैलोक्य विजया वटी ही विजया घातलेली जुनी औषधं आहेत. वैद्य विजया कच्ची वापरत नाहीत. आधी शोधन होतं: पानं फडक्यात बांधून पाण्यात धूत राहायची, पाण्याला हिरवा रंग यायचा थांबला की वाळवायची आणि तुपात मंद भाजायची.

तेव्हा चिठ्ठी देणार तो नोंदणीकृत बीएएमएस वैद्य. व्हिडिओवर सल्ला घेतला तरी चालतो, पण समोर माणूस हवा. चार खुणा केल्या, पैसे भरले आणि दहा मिनिटांत पीडीएफ आली, तर तिला आम्ही चिठ्ठी म्हणत नाही. चिठ्ठीवर वैद्याचं नाव, राज्याच्या बोर्डाचा नोंदणी क्रमांक, तारीख, तुमचं नाव आणि वय, औषधाचं नाव, मात्रा आणि किती दिवस, हे सगळं असायला हवं. 'गरजेनुसार' असं लिहिलेलं असेल तर परत पाठवा. चिंतेच्या रुग्णाला गरज चोवीस तास वाटते.

जाताना चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर न्या, नुसती नावं सांगू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-12 आणि यकृताची तपासणी झालेली असेल तर कागद न्या. नसेल तर आधी करून घ्या. थायरॉइड वाढलेला असला की छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही, सगळं चिंतेसारखंच दिसतं आणि तेलाने त्यातलं काही जाणार नाही. घरात आई-वडील, भावंडं कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर ते सांगाच. तसं असेल, किंवा गरोदरपण, अंगावर पाजणं, हृदयविकार किंवा पंचविशीच्या आतलं वय असेल, तर आमच्या गटातल्या वैद्यांचंही उत्तर 'नको' असंच आहे.

बाटली हातात आली की आधी लेबल वाचा. 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत. विजया औषध नियमांच्या ई-1 यादीत, म्हणजे विषारी द्रव्यांत मोडते, म्हणून 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना छापणं बंधनकारक आहे. ती नसेल तर बाटली परत. 'हेम्प सीड ऑइल' ही वेगळी चीज: बियांचं खाद्यतेल. 2021 मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्न नियामक संस्थेने त्याला अन्न म्हणून मान्यता दिली. पोळीला लावा हवं तर, औषध म्हणून त्यात काही नाही. पण विकणारे दोन्ही बाटल्यांवर तेच हिरवं पान छापतात.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते गणित. लेबलवर 'विजया अर्क 1500 मिग्रॅ, 30 मिली' लिहिलेलं असतं. हे वजन अर्काचं आहे, त्यातल्या टीएचसीचं (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) किंवा सीबीडीचं (नशा न आणणारं) नाही. ते त्या बॅचच्या प्रयोगशाळा अहवालात असतं. विकणाऱ्याकडून मागून घ्या. समजा अहवालात दर मिलीला टीएचसी 15 मिग्रॅ आणि सीबीडी 15 मिग्रॅ आहे. एक मिलीत साधारण 20 थेंब धरले तर एका थेंबात प्रत्येकी 0.75 मिग्रॅ. पण तेल पाण्यापेक्षा दाट, आणि ड्रॉपर ड्रॉपरमध्ये फरक. म्हणून एकदा एक मिलीच्या सिरिंजमध्ये थेंब मोजून भरा आणि तुमच्या ड्रॉपरचा आकडा बाटलीवर लिहून ठेवा.

सुरुवात रात्री, एक ते अडीच मिग्रॅ टीएचसीच्या आत, म्हणजे वरच्या बाटलीचे दोन-तीन थेंब. निदान तीन रात्री तीच मात्रा, मगच एक थेंब वाढवायचा. रोज त्याच वेळी आणि जेवणाशी तेच अंतर ठेवून: तुपातलं जेवण झाल्यावर सीबीडी उपाशीपोटी घेतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त शोषलं जातं. आज उपाशी आणि उद्या पुरणपोळीवर घेतलं तर मात्रा तीच राहिली असं समजू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच वाटेने एस्सिटॅलोप्रॅम शरीराबाहेर जातं. म्हणजे 10 ची गोळी घेतली तरी रक्तात ती जास्त भरेल. क्लोनाझेपामबरोबर गुंगी वाढते. म्हणून तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय पहिला थेंबही नको. आणि तेल लागू पडलं असं वाटलं म्हणून क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका. एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते.

इथे आमच्यात मतभेद आहे. वैद्यांचं म्हणणं, झोपेसाठी थोडा काळ, मोजून दिलं तर विजयेला जागा आहे. मनोविकारतज्ज्ञांचं म्हणणं, 2019 मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत आलेल्या आढाव्याने मानसिक विकारांसाठी या औषधांचा पुरावा तुटपुंजा ठरवला आहे. समुपदेशनाच्या 12 ते 16 बैठका पुऱ्या न करता तेलाकडे वळणं म्हणजे वेळ दवडणं. दोघांचं एकमत एवढ्यावर: सुरू करण्याआधी आणि चार आठवड्यांनी जीएडी-7 ही सात प्रश्नांची पत्रिका भरा. गुण 0 ते 21. फरक पडला नाही तर बंद.

प्रश्न : वैद्यांनी चार थेंब सांगितले होते. अर्ध्या तासात काहीच झालं नाही म्हणून आणखी चार घेतले. दीड तासाने छाती इतकी धडधडली की आता हार्ट अटॅकच, असं वाटलं. तेल भेसळीचं असेल का? (वय 29, नंदा नगर)

असूही शकेल, पण तुमच्या पत्रातच दुसरं उत्तर आहे. जिभेखाली धरलेलं तेल 15 ते 45 मिनिटांत लागतं. गिळलेलं पोटातून जातं, त्याला एक ते दोन तास लागतात आणि अंमल सहा-आठ तास राहतो. बहुतेक लोक तेल जिभेखाली पूर्ण दोन मिनिटं धरत नाहीत, थुंकीबरोबर गिळून टाकतात. तुमचे पहिले चार थेंब वाटेत होते, तेवढ्यात दुसरे चार निघाले. रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) भांगेच्या थंडाईचा दुसरा ग्लास मागणाऱ्याचं जे होतं तेच.

धडधड टीएचसीची. थोड्या मात्रेत ते सैल करतं, जास्त मात्रेत नाडी वाढवून भीती आणतं. ज्याला आधीपासून चिंता आहे त्याला वाढलेली नाडी आधी जाणवते, ती जाणवली की भीती, भीतीने नाडी आणखी वर. परत असं झालं तर दिवा लावून बसा, घरातल्या एकाला शेजारी बसवा, पाणी घोटघोट घ्या. झोपेची गोळी वरून घेऊ नका. आंघोळीला एकटे जाऊ नका, चक्कर येते. छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, शुद्ध हरपू लागली तर 108 ला फोन करा किंवा सरळ एम.वाय. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, आणि काय घेतलं ते लपवू नका. बाटली बरोबर न्या.

पुढचे निदान चार दिवस तेल बंद. मग वैद्यांना भेटा. आमच्या मते तुम्हाला हे मानवत नाही.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला आहे. त्याला तिथल्या डॉक्टरने चिंतेसाठी कॅनाबिसचं तेल रीतसर लिहून दिलं आहे. दिवाळीत इंदूरला येतोय. बाटली आणि चिठ्ठी बरोबर आणली तर चालेल ना?

नाही काका, आणू देऊ नका. तिथली चिठ्ठी तिथल्या कायद्याने दिलेली आहे. इथल्या कस्टम्सच्या टेबलावर ती परवाना ठरत नाही. टीएचसी आपल्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, फुलोऱ्यापासून काढलेला अर्क तर गांजा-चरसाच्या बाजूला जातो. 'थोडंच आहे' या बचावाने सुटका होत नाही. गांजा 1 किलोपर्यंत आणि चरस 100 ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय विमान सिंगापूर किंवा दुबईवरून येत असेल तर तिथले नियम आपल्यापेक्षा कडक आहेत.

तिथल्या डॉक्टरला निघण्याच्या महिनाभर आधी भेटून येण्यापूर्वीच मात्रा हळूहळू उतरवावी. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं सुरू होतं, आठवडाभर ते जोरात असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. हे दिवस घरच्या दिवाळीत यायला नकोत. तेलाबरोबर दुसरी गोळी चालू असेल तर ती मात्र मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणावी.

प्रश्न : उज्जैनला भांगेची गोळी सरकारमान्य ठेक्यावर मिळते, स्वस्तही आहे. मग त्या तेलाला इतके पैसे कशाला?

ठेक्याचा परवाना आबकारी खात्याचा आहे, औषधाचा नाही. त्या वाटलेल्या गोळीत टीएचसी किती हे देणाऱ्यालाही माहीत नसतं; आजची आणि उद्याची गोळी सारखी नाही, आणि हाताने वळलेली सुपारीएवढी की बोराएवढी, त्यावरही फरक. महाकालाचा प्रसाद म्हणून घ्यायची असेल तर तुमची श्रद्धा. चिंतेवरचं औषध म्हणून नको.

प्रश्न : पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी आहे, तिथे लघवीची तपासणी होते. वैद्याच्या चिठ्ठीवर विजया तेल घेतलं तर पकडला जाईन का?

तपासणीत येईल. पट्टी टीएचसीपासून शरीरात बनलेला पदार्थ शोधते. तो वैद्याच्या तेलातून आला की चिलमीतून, हे तिला कळत नाही. एखाद्-दुसऱ्या वेळी घेतलेलं काही दिवस, रोज घेतलेलं कधीकधी महिनाभर दिसतं, कारण ते चरबीत साठतं. चिठ्ठी असली तरी कारखान्याचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून तेल सुरू करण्याआधी कंपनीच्या डॉक्टरला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. रात्रपाळी करून मोटारसायकलने परतत असाल तर आणखी एक: मोटार वाहन कायद्याचं 185 कलम दारूइतकंच अमली पदार्थालाही लागू आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. यंत्रावर काम असेल तर आमचा सल्ला तेल न घेण्याचाच. त्याऐवजी बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयाची किंवा एम.वाय.ची मनोविकार ओपीडी गाठा. सुट्टी मिळत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, रात्रपाळीनंतर पहाटेही उचलतात.